सोमवारचा बाजार

आमच्या घरासमोरचा रस्ता चाळीस फूट रुंद आहे. गावातला कुठलाही रस्ता चाळीस फूटच आहे. भूकंपात जुनं हंगरवाडी पडलं आणि अडीच किलोमीटर वर, माळावर, हे नवं गाव बसवलं गेलं. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी पडलेल्या गल्ल्या पाहिल्या होत्या. त्यामुळे एक घर पडलं तरी दुसऱ्याला त्याचा दगड लागू नये, एवढं अंतर त्यांनी दोन घरांत ठेवलं. घरं तीनशे बारा. ए लाइनच्या पहिल्या घरापासून एफ लाइनच्या शेवटच्या घरापर्यंत सव्वा किलोमीटर भरतं. मी सायकलच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजले आहेत.

शेतं मात्र खाली, जुन्या गावापाशीच राहिली. मोटारसायकली होत्या तोवर याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मीठ आणायलाही लोक किक मारत.

पेट्रोल एका दिवसात संपलं नाही. आधी पंपावर रांगा लागल्या, मग महिन्याला गाडीमागे पाच लिटरचं कुपन आलं, मग तीनचं, आणि भूकंपाला पस्तीस वर्षं झाली त्या पावसाळ्यात दोनचं. एसटीच्या दिवसाला सहा फेऱ्या होत्या, त्या आठवड्याला दोन झाल्या. लातूरला बाहेरगावची पोरं येईनात, तशी क्लासची वसतिगृहं रिकामी पडली. मी तिथल्या एका क्लासमध्ये डाऊट काउंटरला बसायची, म्हणजे सर शिकवून गेले की पोरं शंका घेऊन ज्या खिडकीपाशी येतात, त्या खिडकीच्या आत. विषय रसायनशास्त्र. शंका विचारणारेच उरले नाहीत तेव्हा क्लासने आभार मानले आणि मी एम.एस्सी.ची पदवी, दोन बॅगा आणि फ्लेक्सच्या सात गुंडाळ्या घेऊन गावी आले. फ्लेक्स दादांनी मागवले होते. दादा म्हणजे माझे वडील, आनंदराज, एसटीचे निवृत्त कंडक्टर. क्लासवाले टॉपरांचे जुने फलक फेकून देणार होते आणि दादांना कडब्याची गंज झाकायची होती.

आमच्या शेजारी, म्हणजे मोजून बावन्न फुटांवर, आबेदा चाची आणि नासिर चाचा राहतात. चाची बांगड्या भरते. पंचक्रोशीत तिला हात ओळखणारी म्हणतात. बाई समोर बसली की चाची तिचा पंजा एकदा दाबते आणि दोन-चार, दोन-सहा की दोन-आठ ते माप सांगते. नंतर डझनातली एकही काच फुटत नाही. माझ्या आईच्या लग्नातल्या बांगड्या तिने भरल्या, माझ्या बारशाला मनगट्या तिनेच घातल्या. बांगड्या भरून झाल्या की बायका तिला वाकून नमस्कार करतात. वयाने मोठ्या बायकासुद्धा करतात.

चाचीचा धंदा बाजारांवर होता. आठवड्याला पाच गावचे पाच बाजार. चाचा मोटारसायकल चालवायचे, मागे चाची, तिच्या मांडीवर एक पेटी आणि दोन्ही बाजूंना बांगड्यांच्या माळा बांधलेली पोती. दोन लिटरमध्ये पाच बाजार होत नाहीत. दिवाळीपर्यंत चाचीचा एकच बाजार उरला, आणि तोही चालत. अकरा किलोमीटर जाणं, अकरा येणं.

तेव्हा नांदेडहून अजहरचा फोन आला. अजहर त्यांचा एकुलता मुलगा, औषधांच्या गोदामात कामाला. त्याने बरीच खटपट करून एका टेम्पोचा परवाना मिळवला होता. एकच फेरी, कारणाच्या रकान्यात 'घरसामान', तारीख एकोणतीस जानेवारी. त्या दिवशी येऊन तो दोघांना नांदेडला नेणार होता, कायमचं. त्याची एक खोली रिकामी होती आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चाचांना ते पटलंही होतं. गाडी बंद पडल्यापासून ते दिवसभर ओट्यावर बसून असत. त्यांचं म्हणणं, नांदेडात निदान बसायला माणसं तरी जवळजवळ असतील.

चाचीने मला हे सांगितलं तेव्हा ती पेटीतल्या बांगड्यांवरची धूळ पुसत होती.

"खोली चांगली हाय म्हणे. खिडकी हाय, पंखा हाय," ती म्हणाली. "पन मी तिथं काय करू, प्रिया? भिंतीला बांगड्या भरू?"

मी विचारलं, किती धंदा झाला तर इथं राहशील? चाचीने पैशात उत्तर दिलं नाही. ती हातांत मोजते. तिच्या सासूचा हिशेब होता तसा: एका बाजारात चाळीस हात भरले तर बाजार, त्याखाली नुसती पायपीट. असे चाळीस हातांचे बाजार महिन्यात चार मिळाले तर ती कुठंच जाणार नव्हती. "पन ते कुठून येनार," ती म्हणाली आणि पेटी बंद केली.

आता ज्याला प्रश्न सोडवायची सवय लागली आहे त्याला असं वाक्य ऐकवू नये. मला उत्तर लगेच दिसलं. चाची बाजारापर्यंत जाऊ शकत नसेल तर बाजार चाचीपर्यंत यायला हवा. हंगरवाडीला कधीच बाजार नव्हता, ना जुन्या गावात, ना नव्या. आणि जागा म्हणाल तर नकाशात 'क्रीडांगण' म्हणून सोडलेला सव्वा एकराचा माळ आमच्या घरामागे होता. त्यावर पस्तीस वर्षांत शेळ्यांखेरीज कुणी खेळलं नव्हतं.

वार कोणता ठेवायचा हे मी पद्धतशीर ठरवलं. आजूबाजूची एकोणीस गावं सायकलवर फिरले. प्रत्येक गावात दहा घरं, ठरलेले सहा प्रश्न. तुम्ही काय विकता, काय विकत घेता, किती किलोमीटर जाल, गाडी-बैल आहे का, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी, आणि नवीन बाजारात याल का. बैल परत आले होते हे मला या फिरण्यातच कळलं. पाच वर्षांपूर्वी आमच्या गावात एकच जोडी होती, आता चौदा. ट्रॅक्टर शेडमध्ये उभे, आणि देवणीहून आणलेले पांढरेशुभ्र, काळ्या तोंडाचे बैल दारात बांधलेले.

आमच्याच गावात एफ लाइनच्या शेवटच्या घरात पंचाक्षरी अप्पा राहतात. वय पंच्याहत्तर. सगळ्यांनी बैल विकले तेव्हा ज्यांनी विकले नाहीत ते हेच. अप्पांनी माझ्या सहाही प्रश्नांची नीट उत्तरं दिली. भाजी विकतो, हरभरा विकतो, दहा किलोमीटर जाईन, गाडी आहे, बैल आहेत, नवीन बाजाराला येईन. मी आभार मानले. अप्पांनी मला उसाचा रस पाजला.

मग मी तक्ता केला. आडव्या ओळीत वार, उभ्या ओळीत गावं. पंधरा किलोमीटरच्या आत मंगळवारी चार बाजार, बुधवारी दोन, गुरुवारी तीन, असं करत रविवारपर्यंत. आणि सोमवारचा रकाना कोराच होता. एकही बाजार नाही. दादांना विचारलं, तर त्यांनीही दुजोरा दिला. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सोमवारच्या गाड्या रिकाम्या धावायच्या. कुणाशी स्पर्धा नाही, लोकांना दुसरीकडे जायचं नाही. याहून स्वच्छ उत्तर मी पाठ्यपुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

ग्रामसभेत मी तक्ता भिंतीवर लावला. सरपंच किशनराव चाळिशीच्या आतला माणूस, त्याचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. त्याने तक्त्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाला, पोरीनं अभ्यास केलाय, आपण काय बोलायचं. ठराव झाला. म्हातारी माणसं सभेला नव्हती. थंडी होती, आणि पंचायतीचं ऑफिस ए लाइनला.

चार डिसेंबरचा सोमवार. मी पहाटे चुन्याने जागा आखल्या होत्या, प्रत्येक दुकानाला आठ बाय दहा, अशा साठ. दादांनी गंजीवरचे फ्लेक्स काढून बांबूवर ताणून दिले, म्हणजे माळावर सात सावल्या झाल्या आणि प्रत्येक सावलीवर पंधरा-वीस टॉपर हसत होते. चाची नवी साडी नेसून पेटी घेऊन बसली. चाचा तिच्यामागे खुर्ची टाकून बसले. अख्खं गाव बाजार बघायला आलं.

बाजार आला नाही.

दुपारपर्यंत तीन विक्रेते पोचले. डोक्यावर लसणाची पाटी घेतलेली एक बाई, मेथी-चुका घेतलेली एक बाई, आणि सायकलवर सुऱ्यांना धार लावणारा एक माणूस. लसूण वीस मिनिटांत संपला, कारण विकत घ्यायला गावातली तीनशे घरं उभी होती आणि विकायला दुसरं काही नव्हतं. धारवाल्याला मात्र जेवायलाही उसंत मिळाली नाही. लोकांनी घरी जाऊन विळ्या, कात्र्या, एकाने तर औताची फाससुद्धा आणली. एकही बैलगाडी आली नाही.

चाचीने सहा हात भरले. माझे दोन, आईचे दोन, सरपंचाच्या बायकोचे दोन. आम्हाला तिघींनाही बांगड्यांची गरज नव्हती, आणि ते चाचीला माहीत होतं.

संध्याकाळी पेटी उचलताना चाचा हसले, पण वाईट वाटू नये म्हणून चाचीच्या पाठीमागे हसले. मला म्हणाले, परीक्षेत पहिल्या झटक्यात कुणी पास होत नाही. मी म्हटलं, चाचा, मी पहिल्या झटक्यातच पास झाले होते. तर म्हणाले, म्हणून तर तुला हे नवीन हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली. कुणी का आलं नाही हे विचारायला पहिल्यांदा जायचं ठरवलं ते गावातल्याच माणसाकडे. एफ लाइनच्या पुढे, उतारावर, अप्पांची गाडी येताना दिसली. गाडीत वांगी, हरभऱ्याच्या जुड्या. मंगळवारच्या बाजाराला निघाले होते. मी सायकल आडवी लावली.

"अप्पा, काल का आला नाहीत? तुम्ही येतो म्हणाला होता."

"आलतो की. दुपारी चालत आलतो. लसूण संपला व्हता."

"गाडी घेऊन का नाही आलात, वांगी घेऊन?"

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं.

"काल सोमवार," ते म्हणाले.

मला काहीच उलगडलं नाही हे बघून त्यांनी कासरा ओढून गाडी थांबवली आणि खाली उतरून समजावलं. सोमवार बसवण्णाचा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. औत नाही, गाडी नाही, मोट होती तेव्हा मोटही नाही. त्यांच्या वडिलांनी ठेवलं नाही, आजोबांनी ठेवलं नाही. लिंगायतांच्या घरात तर नाहीच, पण या पट्ट्यात मराठा, मुसलमान, आमच्या बौद्धांच्या घरचे बैलसुद्धा सोमवारी बसूनच असायचे, कारण शेजारचा बैल बसलेला असताना आपला जुंपला तर लोक नावं ठेवत. मधे वीस-पंचवीस वर्षं ट्रॅक्टर आले, ट्रॅक्टरला वार नसतो, आणि आमच्या पिढीला हे कुणी सांगितलंच नाही. बैल परत आले तसा त्यांचा सोमवारही परत आला.

म्हणजे माझ्या तक्त्यातला तो कोरा रकाना रिकामा नव्हताच. तिथे अगदी पक्कं कारण होतं, आणि ते शंभर-दोनशे वर्षांपासून होतं. सोमवारी बाजार नव्हते, कारण सोमवारी गाड्या नव्हत्या. दादांच्या एसटी रिकाम्या धावायच्या, कारण सोमवारी कुठं जायचंच नसायचं.

"अप्पा, मी तुमच्या घरी येऊन सहा प्रश्न विचारले," मी म्हटलं. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"इचारलं न्हाई तुमी."

हे खरं होतं. सहातला एकही प्रश्न तो नव्हता.

घरी येऊन मी तक्त्यासमोर बसले. वार बदलायचा म्हटलं तर दुसरा कोणताही वार धरला की जुन्या बाजाराशी टक्कर, आणि आठ-दहा किलोमीटरवरचा जमलेला बाजार सोडून आमच्या माळावर कोण येणार. संध्याकाळी चाचीने शेवग्याची भाजी आणून दिली आणि माझा चेहरा बघून विचारलं. मी बसवण्णाचं सगळं सांगितलं. मला वाटलं ती खचेल. ती खळखळून हसायला लागली, इतकी की डोळे पुसावे लागले.

"अगे, मी बत्तीस साल बाजार केले आणि माझ्या भी ध्यानात आलं न्हाई. आमचा सोमवार सुट्टीचा. आमी म्हनायचो, आज आराम. कायकू आराम, हे कुनी इचारलंच न्हाई."

मग तिने तिच्या सासूची गोष्ट सांगितली. सासूच्या काळात मोटारसायकल नव्हती. मोठ्या बाजाराला माणसं आदल्या दिवशी गाडी जुंपून निघत, बाजाराच्या गावी मुक्काम करत, बाजार करत आणि तिसऱ्या दिवशी परत फिरत. त्या मुक्कामातच अर्ध्या बांगड्या भरून व्हायच्या. बाईला बाजारात घाई असते, मुक्कामाला नसते.

मी भाजीचं भांडं तसंच ठेवून सायकलवर एफ लाइनला गेले. सव्वा किलोमीटर, साडेचार मिनिटं. अप्पा बाजारातून परतून बैलांना पाणी पाजत होते. मी विचारलं, सोमवारी जुंपायचं नाही हे समजलं. पण रविवारी जुंपून आलेला बैल सोमवारी परक्या गावात बसून राहिला, तर चालेल का?

अप्पांनी बादली तशीच धरून ठेवली. बैलाने पाणी पिऊन तोंड वर काढेपर्यंत.

"बसाया कुठंबी बसंल," ते म्हणाले. "पन बसंल कुठं? शंभर बैलं बसवाया गाव पायजे तेवढं मोठं."

त्या क्षणी मला आमच्या गावाचा नकाशा काढणाऱ्या त्या अनोळखी इंजिनियरांना शोधून पेढे द्यावेसे वाटले. पस्तीस वर्षं लोक त्यांना शिव्या घालत होते. मी तिथल्या तिथे अप्पांच्या अंगणात मोजलं. एक गाडी सोडली, जोडी बांधली, समोर कडबा टाकला, की वीस बाय पंचवीस फूट लागतात. क्रीडांगणावर बाजाराची जागा सोडून साठ गाड्या. चाळीस फुटी रस्त्यांच्या कडेला आणखी नव्वद. भूकंपानंतर बांधलेली पाण्याची टाकी तर होतीच, पन्नास हजार लिटरची, गावाला लागतं त्याच्या दुप्पट.

यावेळी मी प्रश्नावली केली नाही. अप्पांना घेऊन फिरले. ते एकेका गावात जाऊन पारावर बसायचे, पाणी मागायचे, पाऊसपाण्याचं बोलायचं झालं की मग म्हणायचे, रविवारी आमच्याकडं मुक्कामाला या, बैलाला कडबा-पाणी गावाचं, सोमवारी बसवण्णा बी बसंल आन तुमी बी बसा. लोक मला विचारायचे, या बाई कोण. अप्पा सांगायचे, आनंदराज कंडक्टरची पोरगी, लई शिकलीय, पन आता बरी हाय.

चोवीस डिसेंबरच्या रविवारी चार वाजता पहिली गाडी माळावर चढली. दिवस मावळेपर्यंत नऊ झाल्या. प्रत्येक घराने कडब्याच्या दोन पेंढ्या द्यायच्या ठरल्या होत्या, लोकांनी पाच-पाच आणल्या. सोमवारी सकाळी वांगी, गूळ, हरभरा, मडकी, झाडण्या, घोंगडी, एका गाडीत तर नुसती कोथिंबीर. नऊ गाड्यांचा बाजार म्हणजे फार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी मी मोजायचं ठरवलं नव्हतं. इतर बाजारांत माणूस चार वाजता घाई करतो, बैल जुंपायचा असतो, अंधाराआधी घर गाठायचं असतं. इथं कुणालाही कुठंही जायचं नव्हतं. मंगळवार उजाडेपर्यंत कुणी जू उचलणारच नव्हतं. लोक खरेदी करायचे, बसायचे, पुन्हा उठून खरेदी करायचे, बैलांभोवती फिरून दुसऱ्याच्या बैलाच्या शिंगांना नावं ठेवायचे. हुतुतूचा डाव झाला, म्हणजे क्रीडांगणावर पहिल्यांदा कुणी खेळलं.

चाचीने एकतीस हात भरले.

एक जानेवारीला सतरा गाड्या, चव्वेचाळीस हात. त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. हल्लीच्या बैलगाड्यांना लाकडी चाकं नसतात, टायर असतात. शिऊरच्या एका गाडीचं टायर मुक्कामात बसलं. मालक हवालदिल. नासिर चाचा खुर्चीवरून उठले, घरात गेले आणि पंक्चरची डबी, पंप आणि पाण्याचं घमेलं घेऊन आले. बत्तीस वर्षं त्यांनी वाटेत, उन्हात, बायकोला आणि काचेच्या मालाला सांभाळत पंक्चरं काढली होती. हे तर घरच्या अंगणात होतं. ते एक टायर लावेपर्यंत दुसरं आलं, मग तिसरं. संध्याकाळी त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ते माझ्या दादांना, लोकांनी टायरमध्ये हवा किती कमी ठेवलीय, यावर व्याख्यान देत होते. नांदेडचं नाव त्यांनी त्या दिवशी काढलं नाही.

आठ जानेवारीचा बाजार संक्रांतीआधीचा. सव्वीस गाड्या. मी चाचीच्या शेजारी वही घेऊन हात मोजायला बसले होते. एकशे बारापर्यंत मोजलं, मग तिने मलाच माळा सोडवायला लावलं आणि मोजणी बंद पडली. पंधरालाही तसंच, बावीसला थोडं कमी. जानेवारीत चाळीसाच्या खाली एकदाही नाही. हिशेबाने अट पुरी झाली होती. पण चाचीने मला किंवा चाचांना, कुणालाच काही म्हटलं नव्हतं. अजहरला फोन केला नव्हता. त्याने तीन महिने खपून परवाना मिळवला होता, खोलीला रंग दिला होता. पोराला नाही कसं म्हणायचं, हे तिला समजत नसावं. मी विचारलं की ती म्हणे, बघू.

एकोणतीस जानेवारीला अकराच्या सुमारास अजहर आला. टेम्पो माळाच्या कडेला थांबला आणि त्याच्याभोवती लगेच पोरं जमली, कारण त्यातल्या लहान्यांनी चालू टेम्पो बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. अजहर घरी गेला तर घराला कडी. सामान बांधलेलं नाही. तो शोधत माळावर आला.

अब्बा एका गाडीखाली आडवे झाले होते, फक्त पाय दिसत होते. अजहरने त्या पायांना सलाम केला. खालून आवाज आला, आलास, जरा ती पान्ह्याची पिशवी सरकव. मग तो अम्मीकडे आला. तिच्यासमोर बायकांची रांग होती, पुढची बाई हात पुढे करून बसलेली, तिच्यामागे तीन, त्यांच्यामागे आठ-नऊ. चाचीने मान वर केली, मुलाला डोळे भरून पाहिलं, आणि काही बोलायच्या आत समोरच्या बाईने कळवळून 'आई गं' म्हटलं, कारण बांगडी अंगठ्याच्या गाठीवर होती.

"ती दोन-सहाची हिरवी माळ दे," चाची म्हणाली.

अजहरने दिली. मग दोन-चारची लाल मागितली, ती दिली. मग राजवर्खी. तो उभा होता तो गुडघ्यावर बसला, मग मांडी घातली. लहानपणी शाळेच्या सुट्टीत तो हेच करायचा, त्याचे हात विसरले नव्हते. माळेची गाठ एका बोटाने सोडवायचा, तीन बांगड्या काढून पुन्हा आवळायचा. मी उठून त्याला जागा दिली. तासभर दोघं एकमेकांशी आकड्यांतच बोलली. मधेच एका म्हाताऱ्या बाईने बांगड्या भरून झाल्यावर चाचीला वाकून नमस्कार केला आणि अजहरकडे बघून विचारलं, ह्यो कोन. चाची म्हणाली, माझा मुलगा, नांदेडला असतो, साहेब हाय. म्हातारी म्हणाली, मग काय, आईला बघाया आलास, बरं केलंस.

अजहरने मान हलवली. न्यायला आलोय, असं तो म्हणाला नाही.

एकच्या सुमारास ऊन चाचीच्या पेटीवर आलं. तिने पेटी थोडी मागे ओढली, पदर पुढे घेतला, आणि मला हाक मारली. आवाज नेहमीचाच, पण अजहरला ऐकू जाईल इतका मोठा.

"प्रिया, तुझं ते मोजायचं शास्तर हाय ना. मे महिन्यात हितं ऊन कुठून येतंय ते बघून ठेव. उनाळ्यात मला पुरी सावली पायजे. कांकणं तापतात, बायांच्या हाताला भाजतं."

अजहरच्या हातातली माळ तशीच राहिली. त्याने आईकडे पाहिलं. ती पुढच्या बाईचा पंजा दाबून बघत होती. तिकडे गाडीखालून नासिर चाचा बाहेर आले होते, हात पुसत इकडेच बघत होते, काय होतंय याची वाट पाहत. त्यांनी फक्त मुंडी हलवली, एकदा, हो म्हणून.

मला एवढं तरी उत्तर येत होतं. मी सांगितलं, आपल्या गावावर मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीला सावलीच पडत नाही. त्यामुळे या बाजूला झाड की त्या बाजूला कनात, याने काही होणार नाही. सावली वरूनच करावी लागेल.

"म्हंजे मांडव," चाची म्हणाली. "पक्का. अजहर, मे महिन्यात सुट्टी काढ. आठ दिवस. तुझ्या अब्बाला एकट्याला जमायचं न्हाई, तेंचे गुडघे."

टेम्पोचा ड्रायव्हर मघापासून येऊन उभा होता. त्याला काय भरायचं ते कळायला हवं होतं, परवान्यावर घरसामान लिहिलेलं आणि परतीची वेळ पाचची. अजहरने खिशातला कागद काढला, उलगडला, थोडा वेळ बघितला आणि पुन्हा घडी घातली. मग ड्रायव्हरला म्हणाला, ज्वारीची चार पोती बघ, गूळ बघ, तूर बघ, माझ्या घरी लागतंच की. मडकी पण घे दोन. ड्रायव्हर बाजारात शिरला आणि साडेचारपर्यंत बाहेर आला नाही. तो स्वतःसाठी घोंगडं निवडत होता.

अजहर उठला. पायाला मुंग्या आल्या होत्या, तो जरा लंगडत पेटीभोवती फिरला, वर आभाळाकडे बघितलं, खाली माझ्या चुन्याच्या रेघांकडे बघितलं.

"अम्मी," त्याने विचारलं, "किती फूट बाय किती?"

चाचीने रांगेकडे नजर टाकली. रांग आता शेजारच्या वांग्यांच्या ढिगापर्यंत गेली होती आणि पंचाक्षरी अप्पा, वांगी तुडवाल गं बायांनो, म्हणून ओरडत होते. ती म्हणाली, हितनं तितपत्तर, आणि हाताने बराच मोठा हिस्सा दाखवला. आठ बाय दहापेक्षा तो पुष्कळ जास्त होता, त्यात अप्पांची सगळी जागा गेली असती. अजहर पावलं टाकत मोजायला लागला. त्याची पावलं सारखी पडत नव्हती, म्हणून मी टेप आणायला घरी पळाले.